अंगण वाकडे असते तेव्हा



नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण आपण सगळेच जाणतो. आपली चूक दुसऱ्याच्या माथी मारणाऱ्या माणसाला उद्देशून ती वापरतात. शाळेत गुरुजी ती शिकवतात, घरी आजी ती ऐकवते. ऐकणारा ओशाळतो आणि विषय तिथेच मिटतो. पण या म्हणीसंबंधी एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. समजा, अंगण खरोखरीच वाकडे असले तर? नाचणारी मुलगी तयारीची आहे, तिचे पाय तालात पडताहेत, पण खालची जमीनच खचलेली आहे, तर मग दोष कोणाला द्यायचा? आणि तेच अंगण तिला चांगले म्हणून पैसे घेऊन दिलेले असले तर?

आज मी आपल्याला अशाच एका वाकड्या अंगणाची हकीकत सांगणार आहे. हे अंगण मातीचे नव्हते, ते दूरचित्रवाणीच्या पडद्यावरचे होते. २०१५ साली अमेरिकेत निघालेला तो एक व्हिडिओ गेम, म्हणजे पडद्याकडे पाहत बोटांनी बटणे दाबून खेळायचा खेळ. विषय ऐकून काहींना हसू येईल. शेतातली कामे अंगावर असताना हे प्राध्यापक पोराटोरांच्या खेळाचे काय घेऊन बसले, असेही कोणी म्हणेल. पण थोडा धीर धरावा. मोबाईल आता वाडीवस्तीवर पोहोचला आहे आणि त्याच्या पाठोपाठ असले खेळ आपल्या ओट्यावर येऊन बसले आहेत. तेव्हा यातला चांगला कोणता आणि वाईट कोणता, हे पारखण्याची एखादी खूण आपल्यापाशी असलेली बरी.

मला ही खूण माझ्या भाच्याने दिली. दिवाळीला मी बहिणीकडे पुण्याला गेलो होतो. भाचा बारा वर्षांचा. दूरचित्रवाणी संचाला एक पेटी जोडून त्याचा खेळ चालला होता. पडद्यावरचा मुलगा चाके लावलेल्या फळीवर उभा राहून जिन्याच्या कठड्यावरून घसरू पाहत होता, आणि दर खेपेला आपटत होता. मी मोजले. एकाच जागी तो चौदा वेळा पडला. शेवटी मला राहवेना. म्हटलं, "अरे, हा खेळच बिघडलेला दिसतोय." पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "नाही मामा, मीच उडी उशिरा मारतोय." पंधराव्या वेळी त्याला जमले. त्याने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही, गालातल्या गालात हसला आणि पुढे गेला.

मीच उडी उशिरा मारतोय. श्रोतेहो, मी वीस वर्षे मुलांना शिकवतो आहे. चौदा वेळा चुकल्यावर मुलगा आपणहून असे म्हणतो, ही गोष्ट किती दुर्मीळ आहे ते माझ्या शिक्षकबंधूंना आणि भगिनींना सांगायला नको. त्या खेळात असे काय होते, याचा मी शोध घेऊ लागलो. तेव्हा कळले की त्याच नावाचा, त्याच मालिकेतला दुसरा एक खेळ आहे, आणि त्याने खेळणाऱ्यांची अगदी उलट अवस्था केली होती. पण ते सांगण्याआधी ही चाकांची फळी म्हणजे काय, ते पाहू.

आपल्या खेड्यांतली मुले लाकडी फळीला जुने बेअरिंग ठोकून गाडा करतात, तो आपण पाहिला असेल. एक बसतो, दुसरा ढकलतो, आणि खडखड करीत गाडा उतारावरून निघतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्नियात, १९५० नंतरच्या काही वर्षांत मुलांनी असाच उद्योग केला. बुटांना लावायची चाके काढून त्यांनी ती फळीच्या तळाला बसवली. फरक इतकाच की ती मुले फळीवर बसली नाहीत, उभी राहिली. हाच स्केटबोर्ड. १९७० नंतर त्याला युरेथेन नावाच्या लवचीक पदार्थाची चाके आली आणि फळी रस्त्याला धरून चालू लागली. पुढे १९७६-७७ मध्ये कॅलिफोर्नियात मोठा दुष्काळ पडला. श्रीमंतांच्या परसातले पोहण्याचे हौद कोरडे पडले. मुलांनी त्या रिकाम्या हौदांच्या गोलसर भिंतींवर आपल्या फळ्या चढवल्या, आणि तिथून या खेळातल्या उड्या नि कसरती वाढत गेल्या.

एक गोष्ट इथे ध्यानात ठेवावी. ही फळी पायाला बांधलेली नसते. माणूस उडतो तेव्हा ती त्याच्याबरोबर आली तर आली, नाही तर तो एकीकडे आणि फळी दुसरीकडे. म्हणून या खेळात पडणे हे शिकण्याचेच अंग आहे. आपल्याकडे मल्लखांब शिकणारा मुलगा जसा शंभरदा घसरतो आणि मग त्याची पकड बसते, तसेच हे.

या खेळातला सर्वांत प्रसिद्ध खेळाडू म्हणजे टोनी हॉक. जन्म १९६८ चा, कॅलिफोर्नियातलाच. चौदाव्या वर्षी तो व्यावसायिक खेळाडू झाला. २७ जून १९९९ रोजी सॅन फ्रान्सिस्को शहरात एक मोठी स्पर्धा होती. अर्ध्या नळीसारख्या वाकवलेल्या लाकडी उतरणीवरून वर उडायचे, हवेत अडीच गिरक्या घ्यायच्या आणि पुन्हा फळीवर उतरायचे, अशी कसरत त्याने मांडली. अडीच गिरक्या म्हणजे ९०० अंश, म्हणून त्या उडीचे नाव नऊशे. स्पर्धेत तोवर ती कोणालाही साधली नव्हती. हॉक पडला. पुन्हा उठला, पुन्हा पडला. दहाहून अधिक वेळा पडला. ठरलेली वेळ संपून गेली, तरी पंचांनी त्याला थांबवले नाही आणि इतर खेळाडूंनीही आपली फळी मध्ये आणली नाही. अखेर ती उडी साधली. तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. त्या दिवशी लोकांनी एक उडी पाहिली हे खरे, पण त्याआधीची सगळी पडझडही पाहिली. म्हणूनच ती उडी त्यांच्या मनात राहिली.

त्याच वर्षी त्याच्या नावाचा व्हिडिओ गेम बाजारात आला, 'टोनी हॉक्स प्रो स्केटर'. नेव्हरसॉफ्ट नावाच्या कॅलिफोर्नियातल्या एका लहान मंडळीने तो रचला आणि ॲक्टिव्हिजन या कंपनीने प्रकाशित केला. खेळ असा, की खेळणाऱ्याला दोन मिनिटे मिळतात. तेवढ्यात एखाद्या शाळेच्या आवारात किंवा गोदामात फळीवरून हिंडायचे, ठरलेली अक्षरे गोळा करायची, लपवलेली एक चित्रफीत शोधायची आणि कसरती जोडून गुण मिळवायचे. पडलात तर लगेच उठायचे. वेळ संपली तर पुन्हा पहिल्यापासून. समजायला सोपा, साधायला अवघड. दुसऱ्या वर्षी, २००० साली, त्याचा दुसरा भाग आला. परदेशांत अनेक समीक्षकांनी दिलेल्या गुणांची सरासरी काढण्याची पद्धत आहे. त्या सरासरीत या दुसऱ्या भागाला शंभरपैकी ९८ गुण मिळाले. आमच्या विद्यापीठात एवढे गुण कोणी मिळवले तर त्याचा सत्कार होईल.

मग पुढे काय झाले?

हे समजण्यासाठी नावाचा व्यवहार समजून घेतला पाहिजे. प्रसिद्ध माणसाचे नाव आपल्या मालावर घालण्याचा हक्क कंपनी करार करून मिळवते. नाव एकाचे, माल दुसऱ्याचा, आणि कारागीर बहुधा तिसराच. आपल्याकडे मुलांच्या दप्तरावर नटाचे चित्र असते, ते दप्तर काही त्या नटाने शिवलेले नसते. यात मुळात गैर काही नाही. चांगला कारागीर मिळाला तर नावाचेही भले होते, मालाचेही होते. १९९९ साली तसेच झाले. पण या करारात दोन गोष्टी असतात. एक नाव आणि दुसरी मुदत. मुदत संपत आली की नावाचा हक्कही संपत येतो. मग नाव हातातून जाण्याआधी त्यावर आणखी काही विकून घ्यावे असा मोह पडतो.

मालिका वर्षामागून वर्षे चालत राहिली. २००७ पर्यंत मूळ नेव्हरसॉफ्ट मंडळीच मुख्य खेळ रचीत होती. नंतर ते काम शिकागोच्या रोबोमोडो नावाच्या संस्थेकडे गेले. २००९ साली त्यांनी चाके नसलेली एक खरीखुरी फळीच खेळाबरोबर दिली. तिच्यावर उभे राहून झुकायचे, की पडद्यावरचा खेळाडू झुकणार, अशी कल्पना. कल्पना वाईट म्हणता येणार नाही. पण किंमत होती सुमारे १२० डॉलर, आणि फळीला पायांची हालचाल नीट कळत नसे. खेळणारा डावीकडे झुकला तरी पडद्यावरचा गडी आपल्याच तंद्रीत. लोकांनी तिकडे पाठ फिरवली.

आणि मग आले २०१५. हॉक आणि कंपनी यांच्यातला जुना करार त्या वर्षाच्या अखेरीला संपणार होता. २९ सप्टेंबरला 'टोनी हॉक्स प्रो स्केटर ५' प्रसिद्ध झाला. किंमत नव्या मोठ्या खेळाची असते तेवढीच, साठ डॉलर. नावात ५ हा आकडा मुद्दाम घातलेला. म्हणजे जुन्या चाहत्याला वाटावे, की आपल्या लहानपणीचा तोच खेळ परत आला.

त्यातले दोष आता मी एकेक करून सांगतो.

पहिला दोष जमिनीचा. स्केटबोर्डच्या खेळात जमीन, भिंत आणि कठडा यांच्यावरच सगळी भिस्त असते. या खेळात तीच कच्ची होती. खेळाडू चालता चालता जमिनीत कमरेपर्यंत रुतून बसे. कधी भिंतीत अडकून थरथरत राही, कधी कारण नसताना आकाशात फेकला जाई. खेळ निघाल्याबरोबर लोकांनी अशा प्रसंगांच्या चित्रफिती काढून एकमेकांना पाठवल्या. जग हसले. पण ज्याने पैसे मोजले होते, त्याला हसू आले असेल असे मला वाटत नाही.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म, आणि माझ्या मते अधिक गंभीर. आधीच्या खेळांत एक ठरावीक बटण दाबले, की खेळाडू हवेतून कठड्यावर उतरून घसरू लागे. पंधरा वर्षे लोकांच्या बोटांना ती सवय लागली होती. नव्या खेळात त्याच बटणाला आणखी एक काम दिले, हवेतून धाडकन सरळ खाली आपटण्याचे. आता कठड्याच्या जरा अलीकडे बटण दाबले गेले, की घसरणे दूरच राहिले, खेळाडू दगडासारखा खाली. ज्याने जुना खेळ मन लावून खेळला, त्याचाच घात अधिक. तुमचे शिकलेले ज्ञान तुमच्यावर उलटवायचे, असा हा प्रकार. सायकलचा उजवा ब्रेक दाबल्यावर कधी चाक थांबावे आणि कधी घंटी वाजावी, तर चालवणाऱ्याने काय करावे?

तिसरा दोष ओसाडीचा. जुन्या खेळांतल्या जागा नांदत्या असत. रस्त्यावर मोटारी धावत, माणसे ये-जा करीत. इथल्या जागा बाजार उठून गेल्यावरच्या मैदानासारख्या सुन्या. करायची कामेही तीच ती. आणि एखादे काम सुरू करायचे म्हटले, की आपण जिथे उभे आहोत तीच जागा पडद्यावर पुन्हा नव्याने मांडली जाईपर्यंत ताटकळत बसायचे. चित्रांची धाटणी तर खेळ बाजारात यायला सुमारे दोन महिने उरले असताना बदलली. लग्न दोन दिवसांवर आले असताना घराचा रंग बदलावा, तसेच हे झाले.

चौथा दोष ऐकून आपल्याला नवल वाटेल. हा खेळ तबकडीवर विकला गेला. पण तबकडीवर सुरुवातीचा धडा आणि स्वतःचे मैदान रचण्याची सोय एवढेच होते. बाकीचा खेळ पहिल्या दिवशी इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा होता. ही पुरवणी मूळ तबकडीवरच्या ऐवजापेक्षाही मोठी होती. ज्याच्या घरी इंटरनेट नाही, त्याच्या हाती साठ डॉलरला काय आले? प्रस्तावना. पुस्तक विकत घ्यावे, घरी येऊन उघडावे, तर आत प्रस्तावना आणि कोऱ्या पानांची एक वही. बाकीचे मागाहून येईल. आपण याला वरातीमागून घोडे म्हणतो. आपल्याकडच्या शाळांत जिथे इंटरनेटचा भरवसा नसतो, तिथल्या शिक्षकांना या दोषाची कळ लगेच समजेल.

समीक्षकांनी गुण दिले ते असे. प्लेस्टेशन ४ या यंत्रावरच्या खेळाची सरासरी शंभरपैकी ३२. आपल्याकडे दहावीला उत्तीर्ण व्हायलाही ३५ लागतात. ज्या नावाने ९८ मिळवले होते, तेच नाव पंधरा वर्षांनी नापास झाले. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

हे असे का झाले? कराराची मुदत सरत होती, म्हणून खेळ घाईने उरकला, असा तर्क त्या वेळी अनेक समीक्षकांनी केला. कंपनीच्या मनात काय होते ते मला ठाऊक असण्याचे कारण नाही. पण तारखा आपल्यासमोर आहेत, आणि अपुरा मालही आपल्यासमोर आहे. एवढे मात्र म्हणता येईल, की सारा दोष त्या शिकागोच्या कारागिरांच्या माथी मारणे बरोबर होणार नाही. मुहूर्त यजमानाने धरायचा, सामान यजमानाने पुरवायचे, आणि वरण कच्चे राहिले की आचाऱ्याला बोल लावायचा, हा न्याय नव्हे. २०१६ साली ती संस्थाच बंद झाली.

आणि हे काही पहिल्यांदा घडले असेही नाही. १९८२ साली 'ई. टी.' या गाजलेल्या चित्रपटाच्या नावावर अटारी कंपनीने एक खेळ काढला. नाताळात विकायचा होता. म्हणून हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ या एकट्या माणसाला तो रचायला जेमतेम पाच आठवडे मिळाले. त्या खेळात खेळणारा सारखा खड्ड्यांत पडे, आणि वर येऊ लागला की पुन्हा त्याच खड्ड्यात. खेळ खपले नाहीत. १९८३ साली कंपनीने न्यू मेक्सिको राज्यात अलामोगोर्डो गावाजवळच्या कचऱ्याच्या खाणीत आपला न खपलेला माल पुरला. २०१४ साली लोकांनी ती जागा खणली, तेव्हा त्या खेळाच्या पेट्या खरोखरच बाहेर आल्या. तीस वर्षे मातीखाली राहूनही घाई कुजली नव्हती.

श्रोतेहो, इथवर मी दुसऱ्यांचे दोष दाखवले. आता एक स्वतःचाही सांगतो, नाही तर हे भाषण अपुरे राहील.

काही वर्षांपूर्वी एक प्रकाशक माझ्याकडे आले. विद्यार्थ्यांसाठी प्रश्नोत्तरांचे मार्गदर्शक पुस्तक काढायचे होते. म्हणाले, "सर, तुम्ही फक्त नाव द्या. लिहायला आमची मुलं आहेत. कॉलेजं उघडायच्या आत बाजारात आलं पाहिजे." तालुक्याच्या गावी माझ्या नावाला थोडी किंमत होती, आणि घराचे काम निघाले होते. मी नाव दिले. छपाईपूर्वीची पाने चार दिवस आधी हाती आली. एक तृतीयांश वाचली आणि बाकीच्यांवर विश्वास टाकून सही केली. परीक्षा झाल्यावर एक मुलगी मला भेटायला आली. एस.टी.ने दोन तासांचा प्रवास करून आली होती. तिच्या हातात ते पुस्तक होते. एका उत्तरात कवीही चुकीचा दिला होता आणि कवितेचा अर्थही. तिने ते उत्तर जसेच्या तसे पेपरात लिहिले होते. ती भांडली नाही. एवढेच म्हणाली, "सर, तुमचं नाव होतं, म्हणून मी ग्रंथालयात जाऊन ताडून पाहिलं नाही."

त्यावर मला काही बोलता आले नाही. पुढच्या आवृत्तीतून मी माझे नाव काढून घेतले, पण त्या मुलीचे गुण काही परत आले नाहीत. ती आपल्या घरी काय म्हणाली असेल? बहुधा हेच, की माझाच अभ्यास कमी पडला. अंगण मी वाकडे दिले होते, आणि ओशाळली ती.

म्हणून मला वाटते, २०१५ च्या त्या खेळाचा खरा दोष पैशाच्या हिशेबाबाहेरचा आहे. खेळ असो की शिक्षण, दोन्ही एका अलिखित करारावर चालतात. तू चुकशील, पण चूक तुझी असेल. ती शोधशील तर सुधारता येईल. या करारावर भरवसा असतो म्हणून माझा भाचा चौदा वेळा पडून पंधराव्यांदा उठतो. याच भरवशावर टोनी हॉक सॅन फ्रान्सिस्कोत उठत राहिला, कारण खालची लाकडी उतरण प्रत्येक वेळी तीच होती. ती एकदा वर आणि एकदा खाली झाली असती, तर नऊशे अंशांची उडी कोणालाच शिकता आली नसती. जमीन बेभरवशाची झाली, की पडण्यातून शिकायला काही उरत नाही. मग मूल दोनांपैकी एक धडा घेते. एक तर आपल्याला काही येत नाही, नाही तर जगात सगळेच खोटे. दोन्ही धडे वाईट.

या हकीकतीचा शेवट मात्र बरा आहे. पुढे हॉक आणि ॲक्टिव्हिजन पुन्हा एकत्र आले. या वेळी काम व्हिकेरियस व्हिजन्स या संस्थेला दिले. या लोकांनी २००१ साली जुना दुसरा खेळ हातात मावणाऱ्या लहानशा यंत्रावर बसवून दाखवला होता. त्यांनी पहिले दोन खेळ पायापासून नव्याने बांधले आणि ४ सप्टेंबर २०२० रोजी ते प्रसिद्ध झाले. दोन आठवड्यांच्या आत दहा लाख प्रती गेल्या. माझा भाचा खेळत होता तो हाच खेळ. नाव तेच, फळी तीच, बटणेही तीच. बदलले ते इतकेच, की अंगण सारवून सपाट केले होते.

आणखी एक योगायोग सांगतो आणि आवरते घेतो. ज्या २०१५ साली पडद्यावरची ती जमीन खचली, त्याच साली आपल्या शेजारी मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातल्या जनवार नावाच्या खेड्यात स्केटबोर्डचे खरेखुरे सिमेंटचे मैदान उभे राहिले. उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी ते उभे केले. तिथे दोन साधे नियम ठेवले. शाळेत गेल्याशिवाय फळी मिळणार नाही, आणि मुलींचा नंबर पहिला. आदिवासींची आणि यादवांची मुले एकाच उतरणीवर पडू लागली. पडणाऱ्याला सिमेंट जात विचारीत नाही आणि खोटेही बोलत नाही. जो नीट झुकला तो टिकला, जो चुकला त्याचे गुडघे फुटले. तिथे मोठा जाहिरातीचा फलक नाही, कोणा तारांकित खेळाडूचे नाव नाही. पण अंगण सरळ आहे.

तेव्हा पालकहो आणि शिक्षकबंधुभगिनींनो, मुलांच्या हातात खेळ देताना, पुस्तक देताना, प्रश्नपत्रिका देतानासुद्धा, वरचे नाव पाहून थांबू नका. मुलाला काही वेळ त्या खेळाशी किंवा पुस्तकाशी झगडू द्या आणि चुकल्यावर ते काय म्हणते तिकडे कान द्या. "मीच उडी उशिरा मारली" असे म्हणत असेल, तर खुशाल खेळू द्या. आणि "काय झालं तेच कळलं नाही" असे ते पुन्हा पुन्हा म्हणू लागले, तर म्हण ऐकवण्याची घाई करू नका. आधी उठून अंगण पाहा. कधी कधी ते खरेच वाकडे असते. कधी कधी ते आपणच वाकडे घातलेले असते.